बायकोचं नेमणूकपत्र

शेटना चहाचा कप पुरा संपवताना मी चार वर्षांत एकदाही पाहिलं नाही. दोन घोट घ्यायचे, काहीतरी आठवायचं आणि कप हातात घेऊनच चालू लागायचं. मग तो कप कुठे सापडेल याचा नेम नसे. बियांच्या पोत्यावर, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कठड्यावर, वजनकाट्यावर. एकदा तर बॉयलरच्या मागे सापडला, मुंग्यांनी भरलेला. संध्याकाळी निघण्यापूर्वी शेटचे कप हुडकणं हा माझ्या नोकरीचाच भाग होऊन बसला होता.

गोव्यात, पेडण्याजवळच्या कोरगावात त्यांची काजूची फॅक्टरी होती. पत्र्याची लांबट शेड, पुढे बिया वाळवायचं खळं, मग बी फोडायची यंत्रं, ड्रायरची खोली आणि अगदी शेवटी ग्रेडिंगची खोली. तिथे बारा बायका लांब टेबलांशी बसून काजू निवडत. अख्खा, पाकळी, तुकडा, डागी. मी जवळच्या चोपडे गावाहून स्कूटरवरून यायची. बी. कॉम. होऊन दीड वर्ष घरात काढलं होतं, सरकारी परीक्षा देत होते, निकाल लागत नव्हते. तोवर काहीतरी म्हणून ऑफिसात लागले.

ऑफिस म्हणजे एक मेज, एक कॉम्प्युटर आणि दोन कदेलं, म्हणजे खुर्च्या. त्यातल्या एका कदेलावर कायम फायली असत, कारण शेट बसत नसत. आणि ऑफिसही एका जागी बसत नसे. मी लागले तेव्हा ते दाराजवळ होतं. पावसाळ्यात ड्रायरशेजारी गेलं. मग "इथून खळं दिसत नाही" म्हणून खळ्याकडे. मग तिथे धूळ येते म्हणून पुन्हा आत. चार वर्षांत माझं मेज पाच वेळा हललं. प्रत्येक वेळी मला वाटे, आता इथे जरा स्थिर होईन, तेवढ्यात शेट हातात टेप घेऊन भिंत मोजताना दिसत.

आधी ते डिचोलीकडच्या एका खाणीवर टाइमकीपर होते. खाणी बंद पडल्या आणि चाळिशी उलटलेल्या माणसाला सकाळी जायला जागाच उरली नाही. त्यांचे शेजारी सांगत, त्या काळात ते रोज सात वाजता कपडे करून कोरगावच्या तिठ्यावर जात आणि परत येत. सहा-सात महिने असं चाललं. मग वडिलांचं डोंगरावरचं काजूचं भाट, म्हणजे बाग होती, त्याच्या जोरावर ही फॅक्टरी उभी केली. खाण सुटली तरी खाणीची कचेरी त्यांच्या अंगातून गेली नाही. मस्टर, मेमो, रजेचे अर्ज, सगळं कागदावर. मोबाइलवर रजा कळवलेली चालत नसे. "लिहून द्या," हे त्यांचं पालुपद. बी फोडायच्या यंत्रावरची एक बाई एकदा चिडून म्हणाली होती, "शिंक इली तरी लिवन देव काय?" त्यावर शेटनी खरोखरच क्षणभर विचार केला होता.

आणि भाषा. घरी ते आम्हा सगळ्यांसारखी पेडण्याची बोलीच बोलत. फॅक्टरीच्या दारातून आत पाऊल टाकलं की शाळेच्या पुस्तकातलं मराठी सुरू. "आपण", "कृपया", "सबब".

हे सगळं मजेचं होतं. पण शेट माझ्या मनात राहिलेत ते त्यांच्या बायकोमुळे. वहिनी ग्रेडिंगच्या खोलीच्या प्रमुख होत्या. नुसत्या म्हणायला नव्हेत, रीतसर. पहिल्या आठवड्यात शेटनी मला सगळ्या कामगारांच्या फायली दाखवल्या, त्यात सात नंबरची फाइल वहिनींची होती. आत नेमणूकपत्र. हुद्दा: ग्रेडिंग प्रमुख. वेळ: आठ ते पाच. वार्षिक रजा. खाली मालक म्हणून शेटची सही आणि "वरील अटी मान्य" याखाली वहिनींची. मला हसू आलं. शेटना ते दिसलं.

"हसू नका," ते म्हणाले. मग खोलीत दोन चकरा मारल्या आणि सांगितलं. सांगताना त्यांचं पुस्तकी मराठी हळूहळू सुटत गेलं.

ते आठ-नऊ वर्षांचे असताना जनगणनेचा माणूस त्यांच्या वडिलांच्या दुकानात आला होता. किराणा-भुसाराचं लहानसं दुकान. वडील गल्ल्यावर बसून एकेकाचं नाव, वय, काम सांगत होते. आईची पाळी आली. आई तेव्हा तांदळाचं पोतं ओढत आतून बाहेर आणत होती. पहाटेपासून रात्रीपर्यंत तीच दुकान बघायची, वडील दुपारी झोपायचे. माणसाने विचारलं, ही काय करते?

"बाबांनी सांगलां, 'ती काय करणा नाय. घराकडेच आसता,'" शेट म्हणाले. "आणि आये माझी पोत्याक टेकान उभी. तिना आयकलां. काय बोलाक नाय. पोतां परत ओढूक लागली."

ते थांबले आणि पुन्हा पुस्तकी मराठीत शिरले. "सबब, या फॅक्टरीत काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची फाइल असेल."

त्या दिवशी मला हा माणूस फार मोठा वाटला. पुढे त्याच्या मोठेपणाची दुसरी बाजू दिसत गेली. कारण फाइल आली म्हणजे मेमोही आला. वहिनी एकदा सात मिनिटं उशिरा आल्या. घर फॅक्टरीच्या मागे, मधे फक्त एक माडांची रांग. शेट दारात घड्याळ बघत उभे.

"बाई, आपण सात मिनिटं उशिरा आलात."

"तुमचीच भाकरी भाजत होतंय," वहिनी म्हणाल्या.

"घरगुती कारण इथे सांगू नये. लिहून द्या."

वहिनींनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं: "नवऱ्याने दुसरी भाकरी मागितली म्हणून उशीर झाला." शेटनी तो वाचला, शिक्का मारला आणि फाइलला लावला. अर्ध्या दिवसाचा पगारही कापला. महिनाअखेर वहिनींनी पाकीट घेताना कमी रक्कम बघितली आणि पाकीट कमरेला खोचलं. मला मात्र रात्रभर त्याचा राग येत राहिला. कोणाचा, तेही कळेना.

"घर थंय, फॅक्टरी हंय," हे शेटचं दुसरं पालुपद, आणि एवढं एक वाक्य ते फॅक्टरीतही बोलीतच म्हणत. फॅक्टरीत घराचा विषय नाही आणि घरात फॅक्टरीचा नाही. वहिनींना ते पटत नव्हतं, पण त्यांनी एक गोष्ट धरून ठेवली होती: त्यांचं काम. वहिनी डिचोलीजवळच्या आमोण्याच्या. माहेरी शेती, काजूशी संबंध फक्त त्याचं फळ, बोंडू, खाण्यापुरता. जे शिकल्या ते या खोलीत शिकल्या. पण असं शिकल्या की हाताने उचलून काजूचं वजन सांगत. आणि प्रत्येक लॉटमधून आठ-दहा काजू उचलून ते कानाजवळ धरून मोडत. नीट सुकलेला काजू मोडताना कट्ट असा वाजतो. ओल राहिली असेल तर वाजत नाही, वाकतो आणि मग तुटतो. मी कितीदा कान देऊन ऐकलं, मला फरक कळला नाही. वहिनींना कळायचा. शेटनी नियमच केला होता की ग्रेडिंग प्रमुखांच्या सहीशिवाय एकही डबा बाहेर जाणार नाही. प्रत्येक लॉटच्या चिठ्ठीवर वहिनींची सही असे.

त्या वर्षी चतुर्थीच्या आधी पणजीच्या एका मोठ्या दुकानाची ऑर्डर आली. भेटीचे डबे, एरवी आम्ही चार महिन्यांत करू तेवढे. शेट हवेत होते. सकाळी सहाला येत, बायकांच्या मागे फिरत, यंत्रांवर हात ठेवून ती गरम आहेत का बघत. आणि नेमका त्याच आठवड्यात पाऊस कोसळत राहिला, वीज जात राहिली. ड्रायर सुरू व्हायचा, बंद पडायचा. जनरेटर आणला, तोही धूर ओकून गप्प झाला. शेटचे कप आता सगळीकडे सापडत होते, जवळजवळ भरलेले.

गुरुवारी सकाळी टेंपो दारात लागला. डबे भरून तयार होते. वहिनींनी वरचा डबा उघडला, एक काजू घेतला, कानाशी मोडला. दुसरा घेतला. तिसरा.

"हो काजू वाजणा नाय," त्या म्हणाल्या.

शेट दारातून आत आले. "काय झालं?"

"माल ओलो आसा. आणखी दहा तास ड्रायरात व्हयो."

"टेंपो उभा आहे. आज माल पोचलाच पाहिजे. दुकानदाराला मी शब्द दिलेला आहे."

"शब्द तुमी दिलास. सही माझी आसा."

खोलीतले सगळे हात थांबले. बारा बायका टेबलाकडे बघत होत्या, पण निवडत नव्हत्या. शेट टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले.

"बाई, मी मालक या नात्याने आपल्याला सही करण्याचा आदेश देतो."

"मी सही करूचंय नाय."

"कारण?"

"कारण सांगलंय. लिवन देतंय व्हया तर."

दुसरा कोणी असता तर त्याने ओरडून डबे टेंपोत चढवले असते आणि विषय संपला असता. शेटना ते जमणारं नव्हतं. नियम त्यांनीच केला होता. प्रमुखाच्या सहीशिवाय डबा जाणार नाही. म्हणजे सही करणारा प्रमुख बदलायला हवा. हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिला. ते माझ्याकडे वळले.

"टाइप करा. वरिष्ठांच्या आदेशाचे पालन न केल्याबद्दल आठ दिवसांसाठी निलंबित. या काळात ग्रेडिंग प्रमुख पदाचा कार्यभार मालक स्वतः पाहतील."

मी टाइप केलं. हे मला लिहायला हवं, कारण ते मीच केलं. नाही म्हणता आलं असतं. त्या घडीला खोलीत एक बाई नाही म्हणून उभीच होती. मी मात्र खाली मान घालून "निलंबित" मधली वेलांटी बरोबर आहे का तपासत बसले. प्रिंट काढला, शेटनी सही केली आणि मीच तो कागद वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला. अंगातला पांढरा कोट काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि माडांमधून घरी गेल्या. शेटनी चिठ्ठीवर "प्रभारी" म्हणून सही केली. टेंपो गेला.

ते आठ दिवस मला विसरता येणार नाहीत. शेट दुपारी घरी जेवायला जात. वहिनी वाढत. बोलणं नाही, कारण बोलायचं होतं ते फॅक्टरीचं, आणि घरात फॅक्टरी नाही. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचं ग्रेडिंगबद्दल विचारणं आलं. त्याचं उत्तर वहिनींनाच माहीत होतं. शेटनी चिठ्ठी लिहिली, पाकिटात घातली आणि मला म्हणाले, "घरी नेऊन द्या."

"तुम्ही आत्ता जेवायला जाताय ना?"

"मी जेवायला जातोय," ते म्हणाले, जणू त्यात सगळं आलं.

मी त्यांच्या मागोमाग गेले. ते स्वयंपाकघरात पाटावर बसले होते, जेवणापुरते काय ते बसत. वहिनी बांगड्याचं हुमण वाढत होत्या. मी दारात पाकीट धरून उभी.

"फॅक्टरीचो कागद भायर पडवीत दी गो," शेट ताटाकडे बघत मला म्हणाले. घरातली भाषा.

वहिनी हात धुऊन पडवीत आल्या, चिठ्ठी वाचली, मागच्या बाजूला उत्तर लिहिलं, मला दिलं. मग एकदम विचारलं, "तू जेवलंस काय?" आणि मला बळेच बसवून भात वाढला. आम्ही तिघं एकाच खोलीत जेवलो. माझ्या खिशात त्या दोघांचं पत्र होतं.

आठव्या दिवशी वहिनींनी शाळेच्या वहीचं पान दिलं. राजीनामा. दोन ओळी. आणि खाली: "अनुभवाचा दाखला मिळावा."

शेट हादरले. दाखला मागायचा हक्क प्रत्येक कामगाराला आहे, हा त्यांचाच नियम, भिंतीवर लावलेला. तीन दिवस ते दाखला लिहीत होते. मी एक मसुदा टाइप करायची, ते घेऊन जायचे, खळ्यात फिरत वाचायचे, फाडायचे. पहिल्यांदा लिहिलं "काम समाधानकारक". खोडलं. मग "अतिशय मेहनती". तेही खोडलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस जरा थांबला होता. ते माझ्या मेजाजवळ आले आणि खालच्या आवाजात सांगितलं, "लिहा. यांनी सही केलेला एकही डबा आजवर परत आलेला नाही. पुढे काही लिहू नका."

मी टाइप केलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. यातलं एक अक्षरही वहिनींनी त्यांच्या तोंडून ऐकलं नसावं. दाखला मी घरी पडवीत नेऊन दिला; त्यांनी तो दोनदा वाचला, इतकंच मी पाहिलं. मग त्या मला म्हणाल्या, "त्या दिसाचो कागद तू टाइप केललंस मां? बरां केलंस. शुद्धलेखन तरी बरोबर आसलां." मला तिथेच रडू फुटलं. त्यांनी पाठीवर थोपटलं आणि बॅग भरायला आत गेल्या.

डिचोलीच्या एका काजूच्या युनिटने त्यांना लगेच घेतलं. आमोण्याला भावाकडे राहायच्या, शनिवारी संध्याकाळी कोरगावला यायच्या, सोमवारी पहाटे परत. शनिवारी शेट मोटारसायकल घेऊन पेडण्याच्या स्टँडवर अर्धा तास आधीच जाऊन फेऱ्या मारत. गावात बोललं जायचंच. कोणी म्हणे भांडण, कोणी म्हणे सोडचिठ्ठी. शेटना तोंडावर विचारलं तर सांगत, "तिना नोकरी बदलल्यान." आणि भराभर निघून जात.

चतुर्थी झाली आणि डबे परत येऊ लागले. काजू मऊ पडले होते, वास येत होता. तो टेंपो ज्या वाटेने गेला त्याच वाटेने माल थोडा थोडा परत आला. शेटनी ते डबे फेकले नाहीत, कोणाला दिलेही नाहीत. आपल्या कपाटात रचले आणि रोज एक वाटी भरून चहाबरोबर खाऊ लागले. तो मऊ, खवट काजू चावत ते शेडमधून फिरत. मी एकदा म्हटलं, "सर, पोट बिघडेल." ते म्हणाले, "बिघडू दे." महिना-दीड महिना चाललं होतं ते.

ग्रेडिंगच्या खोलीत मात्र कोणाचाच पायपोस कोणाच्या पायात नव्हता. बायका एकमेकींना विचारत, मग शेटना विचारत, शेट काजू कानाशी धरून मोडत आणि गोंधळून आमच्याकडे बघत. दोघी काम सोडून गेल्या. मग शेटना नवा ध्यास लागला: काजू निवडायचं मशीन. कॅमेऱ्याने रंग बघतं, वाऱ्याच्या फुंकरीने डागी काजू उडवतं. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दिवसातून दहादा बघत. मशीनला पैसे हवे होते, आणि पेडण्यात आता जमिनीचे भाव असे चढले होते की दिल्लीचा कोणीतरी माणूस डोंगरावरचं भाट घ्यायला तयार होता. त्याला काजूशी कर्तव्य नव्हतं, त्याला तिथून दिसणारी खाडी हवी होती.

पेडण्याला वकिलांकडे मीही गेले, कागद धरायला. वकील म्हातारे, शांत, शेटच्या वडिलांना ओळखणारे. त्यांनी कागद चाळले.

"हंय तुमच्या बायलेची सही व्हयी."

"भाट माझ्या बापाचां," शेट उभ्यानेच म्हणाले.

"तुमचां लग्न खंय नोंद झालां?"

"डिचोलीक."

"लग्नाआधी मालमत्तेचो वेगळो करार केललो?"

"कसलो करार? लग्न केलां, जेवलों, घरा इलों."

"मगे झालां," वकील म्हणाले. "आमच्या गोंयच्या कायद्यान नवऱ्याचां अर्धा बायलेचां, बायलेचां अर्धा नवऱ्याचां. भाट, घर, फॅक्टरी, सगळां. तिच्या सहीबगर तुमका झाडाची फांदी इकूक मेळूची नाय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दरवर्षी उत्पन्न निम्मं-निम्मं दाखवलेल्या कराच्या कागदांवर दोघांच्या सह्या घेऊन मीच ते म्हापशाला कर सल्लागाराकडे नेऊन द्यायची. शेट करत, वहिनी करत. एक सरकारी रीत म्हणून. त्याचा अर्थ आम्हा तिघांपैकी कोणीच मनावर घेतला नव्हता.

शेट खिडकीपाशी गेले. मग तिकडे तोंड करूनच विचारलं, "म्हणजे मी सस्पेंड कोणाक केललंय?"

"अर्ध्या मालकिणीक," वकील म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही डिचोलीला गेलो. युनिटच्या आवारात जेवणाची सुट्टी चालू होती. फणसाच्या झाडाखाली वहिनी बायकांबरोबर डबा खात होत्या. आम्हाला बघून उठून बाजूला आल्या. मी कागद दिले. त्यांनी सगळे वाचले, घाई न करता. त्यांना अर्ध्या हिश्श्याचं कळलं तेव्हा भुवया जरा वर गेल्या, बस.

"भाट इकून मशीन घेतलास काय, बायो खंय जातल्यो?"

"मशीन चुकणा नाय," शेट म्हणाले. घर नव्हतं, त्यांची फॅक्टरीही नव्हती, भाषा आपोआप बोलीत आली होती. "दिसाक कितको माल काढता ठावक आसा?"

"आणि ओलो माल इलो तर मशीन तुमका नाय म्हणून सांगात?"

शेटनी फणसाच्या झाडाला एक फेरी घातली.

"मी सही करूचंय नाय," वहिनी म्हणाल्या आणि कागद माझ्याकडे परत दिले.

शेट फाटकापर्यंत गेले. मला वाटलं, आता निघालेच. तिथून वळून भराभर परत आले. "तू परत ये."

"काय म्हणून?"

"ग्रेडिंग प्रमुख. पगार वाढवतंय."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. ज्या नजरेने त्या लॉट बघायच्या, त्याच नजरेने. "माझी सुट्टी संपली," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आम्ही परत निघालो. मला काळजी वाटत होती, कारण ते गाडी फार हळू चालवत होते. नंतरचा आठवडा तर असह्य होता. ते ग्रेडिंगच्या खोलीत जात, वहिनींच्या जागेपाशी थांबत, बाहेर येत. भाटात जात, तासाभराने परत येत. दिल्लीच्या माणसाचा फोन आला तो मला घ्यायला लावला. "सांगा, जमीन विकायची नाही." का, ते सांगायला सांगितलं नाही.

मग शनिवारी ते नेहमीप्रमाणे स्टँडवर गेले. त्या दिवशी काय झालं हे वहिनींनीच मला पुढे सांगितलं. बस आली, वहिनी उतरल्या, आणि शेट त्यांची पिशवी हातात घेऊन तिथेच, चार माणसांत म्हणाले, "माका काजू पारखूक येणा नाय. तुका येता." वहिनींनी विचारलं, "मग?" "मग माका ठावक नाय. तू सांग." वहिनींनी सांगितलं. काय, ते सोमवारी आम्ही पुन्हा वकिलांकडे गेलो तेव्हा कळलं. भागीदारीचा करार हवा होता. लॉट बाहेर सोडायचा की नाही, हा शब्द वहिनींचा. बायकांना ठेवायचं की काढायचं, हा दोघांचा मिळून. बाकी सगळं निम्मं.

वकील हसले. "शेट, मी त्या दिसा सांगलां नाय? अर्धा तिचांच आसा. ह्या कागदाची गरज काय?"

शेट खोलीत एकदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले. मग म्हणाले, "कायद्यान दिलां तां कायद्याचां. ह्यां मी देतंय."

वहिनी समोरच्या कदेलावर बसल्या होत्या. डिचोलीहून अर्ध्या दिवसाची रजा काढून आल्या होत्या, पिशवीत जेवणाचा डबा तसाच होता. त्यांनी वकिलांच्या पुढचा कागद आपल्याकडे ओढला आणि पेन उचललं.

"तुमी देव नकात," त्या म्हणाल्या. "मी घेतंय."

आणि शेटच्या आधी सही केली.